रिकामा फिरलेला घोडा

वयाच्या तेविसाव्या वर्षी मी एका माणसाला ‘उद्या सकाळी येतो’ असे सांगितले होते आणि गेलो नव्हतो. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे मी संस्कृत शिकवले, पूजा सांगितल्या, लग्ने लावली, आणि जिथे ‘येतो’ म्हटले तिथे नेहमी घटकाभर आधीच जाऊन बसलो. लोक मला वेळेचा पक्का समजतात. तो पक्केपणा कोठून आला, हे मी कोणाला सांगितले नव्हते, पत्नीलाही नाही.

गोष्ट एका लाकडी घोड्याची आहे. आमचे गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठी. गावात खंडोबाचे देऊळ, आणि त्याची पूजा आमच्या घराकडे. देवाच्या छबिन्यासाठी सागवानाचा एक जुना घोडा होता. त्यावर उत्सवमूर्ती बसवून तो खांद्यावर गावभर मिरवीत. पुढे पितळी पत्र्याने मढवलेला नवा घोडा आला आणि जुना कोठीत कापड गुंडाळून पडून राहिला. काही वर्षांनी पंचांनी ठरवले की जीर्ण वाहन असे अडगळीत ठेवणे बरे नव्हे, ते नदीच्या डोहात विसर्जित करावे. माझे काका मुख्य पुजारी. ते तापाने अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे काम माझ्याकडे आले. मी नुकताच पाठशाळेतून परतलो होतो आणि आपल्याला सर्व विधी येतात या समजुतीत होतो.

क्रम सरळ होता. एकदा प्रतिष्ठा झालेल्या वाहनाची आधी उत्तरपूजा करायची. त्यात देवतेला प्रार्थना करून निरोप द्यायचा, अक्षता वाहायच्या आणि ती वस्तू जागेवरून किंचित हलवायची. तेवढ्याने ती मोकळी होते. मग पाण्यात सोडायची. हे सर्व सकाळी, स्नान करून, उपाशीपोटी. परंतु त्या दिवशी ठरलेली बैलगाडी सकाळी आलीच नाही. वाट पाहून काकूने मला जेवायला बसवले, आणि माझा हात धुऊन होतो न होतो तोच गाडी दारात उभी राहिली. गाडी पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून मी घोडा तसाच चढवला.

गाडी जत्रेसाठी आलेल्या पाळणेवाल्याची होती. दोन दिवसांनी खंडोबाची जत्रा भरायची होती, म्हणून तो आधीच येऊन नदीकाठच्या माळावर उतरला होता. मध्यम वयाचा, कमी बोलणारा माणूस. तो ख्रिस्ती होता. गाडीच्या कडेच्या फळीवर निळ्या रंगात एक लहानसा क्रूस रंगवलेला मला आठवतो. त्याच्याकडे लाकडी घोड्यांची चक्री होती. मध्ये खांब, खांबाला आठ आऱ्या, प्रत्येक आरीला लोखंडी दांडीने टांगलेला एक घोडा, आणि माणसांनी हाताने ढकलून फिरवायची. सोनईच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात गेली तेव्हा त्याच्या आठांतल्या एका घोड्याची मान मोडली होती.

डोहाजवळ आम्ही घोडा उतरवला. त्याने कापड बाजूला केले, घोड्याच्या मानेवरून शेपटीपर्यंत हात फिरवला. मग विचारले, हे पाण्यात टाकणार का? मी हो म्हटले. तो म्हणाला की इतके चांगले लाकूड त्याने आजवर पाहिले नाही. त्याने घोडा मागितला नाही. त्यामुळेच बहुधा मला तो द्यावासा वाटला. लहान मुलांनी त्यावर बसावे यात देवाला राग येण्यासारखे काय आहे, असे मला वाटले आणि आजही तसेच वाटते. परंतु उत्तरपूजा झालेली नव्हती आणि मी जेवलेला होतो.

म्हणून मी त्याला सांगितले, “घोडा घेऊन जा. पण यात अजून देवत्व आहे. आज मी जेवलो आहे, उद्या सकाळी येतो आणि विधी करून मोकळा करतो. तोवर यावर कोणाला बसू देऊ नका.”

तो म्हणाला, “व्हय गुरुजी. तुमी येईस्तवर कुनी बसनार न्हाई.”

मला ‘गुरुजी’ म्हणणारा तो पहिला माणूस.

घरी आलो तेव्हा काकांनी अंथरुणातूनच विचारले, झाले का विसर्जन? ते कष्टाने श्वास घेत होते. देवाचा घोडा जत्रेच्या चक्रीला गेला हे ऐकून त्यांना काय वाटेल, या विचाराने मी ‘झाले’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून, ताम्हन, पळी, अक्षता असे सर्व साहित्य घेऊन मी उंबरठ्यापर्यंत गेलो. काकांनी विचारले, सकाळी सकाळी ताम्हन घेऊन कोठे? मी ते परत देवघरात ठेवले. एका ‘झाले’मुळे दुसऱ्या दिवशीचे जाणे अशक्य झाले. जत्रेच्या माळावर साऱ्या गावादेखत मी कशाची उत्तरपूजा करणार होतो? दोन दिवसांनी जत्रा भरली तेव्हा मी देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर पडलो नाही. पुढे महिन्याभरातच नगरच्या एका शाळेत नोकरी लागली आणि मी गाव सोडले.

इथे थांबलो तर माझा दोष लहान दिसेल, म्हणून पुढचेही लिहितो. चार-पाच वर्षांनी तो पाळणेवाला मला शोधत शाळेत आला होता. खिडकीतून मी त्याला फाटकापाशी उभा पाहिला. टोपी हातात धरून तो शिपायाशी बोलत होता. शिपाई वर आला तेव्हा मी ‘तास चालू आहे’ असा निरोप पाठवला. खरोखरच तास चालू होता. पण तास संपला, मधली सुट्टी झाली, आणि मी वर्गातच पाठांतर घेत बसलो. पुन्हा खिडकीशी आलो तेव्हा तो गेला होता. मी मनाची समजूत घातली ती अशी: त्याचा धर्म वेगळा, त्याला आमच्या उत्तरपूजेचे काय, त्याने तर दुसऱ्याच दिवशी मुलांना बसवले असेल, आज कशाला आला असेल कोण जाणे. ही समजूत मी इतकी वर्षे सांभाळली. खोटे बोलण्यापेक्षाही तिची लाज मला आता अधिक वाटते.

गेल्या माघातला एक रविवार. पत्नीच्या भजनी मंडळातल्या बायकांनी तिला सांगितले होते की नागापूरला कारखान्यांच्या वसाहतीत कोणी जत्रेतल्या जुन्या पाळण्यांचे संग्रहालय उघडले आहे, आणि तिथे हसवणारे आरसे आहेत. तिला ते आरसे पाहायचे होते. मी म्हणालो, संग्रहालयात मूर्ती, शिलालेख, ताम्रपट असे काही असावे. ती म्हणाली, तुम्ही शिलालेखच आहात, घरी रोज पाहते. आज मला आरसे पाहू द्या. पोहे खाऊन आम्ही रिक्षाने निघालो.

पत्र्याची एक मोठी शेड होती. शेजारच्या वर्कशॉपला रविवारची सुट्टी असल्यामुळे सगळीकडे शांतता होती. दारावर हाताने रंगवलेली पाटी: ‘जत्रेचे संग्रहालय. रविवारी प्रार्थनेनंतर उघडे.’ दाराशी तेलाच्या डब्यांत सदाफुली लावलेली. आत साठी ओलांडलेल्या एक बाई खुर्चीवर बसून एका जुन्या दांडीचा गंज काचकागदाने काढीत होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर चष्मा. ‘या काकू, या बाबा,’ म्हणत त्या उठल्या. पती फिटर होते, त्यांनी निवृत्तीनंतर एकेक वस्तू जमवून दुरुस्त केली, आता ते नाहीत, शेजारचे वर्कशॉप मुलगा पाहतो, असे त्यांनी चालता चालता सांगितले. तिकीट नव्हते. चपला मात्र दाराशी काढायच्या होत्या. संग्रहालयात चपला काढायला लावलेले मी प्रथमच पाहिले, आणि ते मला आवडले.

आत मंद उजेड होता आणि तेलाचा, जुन्या रंगाचा वास. चार पेट्यांचा लाकडी पाळणा होता, त्याच्या पेट्यांवर मोर आणि सिंह काढलेले. ‘मौत का कुआँ’ या खेळातली एक मोटारसायकल होती, आणि त्या विहिरीच्या उरलेल्या काही फळ्या. त्यांवर चाकांच्या खुणा आडव्या गेलेल्या. फुगे फोडायचा फळा होता. डोळा लावून चित्रे पाहायची पेटी होती; मी वाकून पाहिले तर आत काशीचा घाट दिसला, आणि क्षणभर मी ज्यासाठी आलो नव्हतो ते दर्शन घडले म्हणून हात जोडले. धड नसलेल्या बाईचे टेबलही होते. खाली आरसे तिरपे लावून ती करामत कशी करीत हे बाईंनी पत्नीला दाखवले, आणि पत्नीने त्या टेबलामागे बसून मला विचारले, आता स्वयंपाकाला हात कुठून आणू?

मग आरसे आले. पहिल्यात ती बुटकी आणि रुंद झाली. म्हणाली, “बघा, तुमच्या आईंना हवी होती तशी सून.” बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसत पुढे गेलो, आणि शेडच्या टोकाला ती चक्री उभी होती.

आठ घोडे होते. सात घोड्यांच्या पाठी इतक्या झिजल्या होत्या की रंगाखालचे लाकूड उघडे पडून तुळतुळीत झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या मुले बसून तेथे जणू खोगिरे कोरली गेली होती. आठवा घोडा इतरांहून हातभर उंच. त्याच्या पाठीवर पिवळे कापड घडी करून ठेवलेले, आणि कापडाच्या कडेला दिसणारा निळा रंग अखंड होता. काल दिल्यासारखा. पोटाखाली गोणपाटाची एक लहान पिशवी टांगलेली होती. मी जवळ गेलो. डाव्या कानाला पितळेची पट्टी ठोकलेली होती. ती पट्टी माझ्या आजोबांनी ठोकून घेतली होती. छबिन्यात घोडा खांद्यावर असताना एकदा वेशीच्या कमानीला त्याचा कान लागला होता.

मी पिवळ्या कापडाला हात लावला नाही. बाई मागून आल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात तशा सहज सांगू लागल्या.

“ह्यो देवाचा घोडा हाय, बाबा. ह्याच्यावर कुनी बसत न्हाई. आमच्या बांनी एका गुरुजींना तसा शब्द दिल्ता.”

पत्नीने विचारले, कसला शब्द? बाईंनी सांगितले. प्रवरेच्या काठी एका तरुण गुरुजींनी घोडा दिला. आज जेवण झाले आहे, उद्या येऊन मोकळा करतो म्हणाले. बांनी घोड्याला निळा रंग दिला, चक्रीला लावला आणि सकाळपासून वाट पाहिली. गुरुजी आले नाहीत. जत्रा सुरू झाली, मुलांनी गर्दी केली, तेव्हा बांनी सात घोड्यांवर मुले बसवली आणि आठवा रिकामा फिरवला. पण एक घोडा रिकामा असला की चक्री एका अंगाला झुकते, खांब घासतो. म्हणून त्यांनी नदीतले गोटे पिशवीत भरून घोड्याच्या पोटाखाली बांधले, एका मुलाच्या वजनाचे. कोणत्या मुलाच्या, पत्नीने विचारले.

“माझ्याच,” बाई म्हणाल्या. “मी सात वर्साची हुते. सारखी मागं लागायचे, मला त्या उंच घोड्यावर बसवा. बांनी एका हातात मला उचललं नि एका हातात पिशवी. सारखं वजन झालं तवा म्हनले, तुजं वजन तर बसलंय बघ, तू कशाला बसतीस?”

ती पिशवी तेव्हापासून तशीच होती. गोणपाट फाटले की नवे शिवायचे, गोटे तेच. चक्री कितीतरी गावांच्या जत्रांना फिरली. मुले रडत, आया भांडत, कोणी थट्टा करीत की पाळणेवाल्याचा देव घोड्यावर बसलाय. बा म्हणत, गुरुजींना वेळ मिळाला नसेल. एकदा नगरच्या एका शाळेत ते गुरुजी असल्याचे समजले, म्हणून बा तेथपर्यंत जाऊन आले. ‘तास चालू आहे’ असे समजल्यावर दुपारपर्यंत थांबले, आणि बैल उन्हात बांधलेले होते म्हणून परतले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी लेकीला एवढेच सांगितले होते, की चक्री विकू नको आणि तो घोडा तसाच ठेव.

“तुम्हाला कधी बसावंसं वाटलं नाही?” पत्नीने विचारले.

“रोज वाटतं,” बाई म्हणाल्या आणि कापडाची घडी सारखी करू लागल्या. “आता हाडं झाली जुनी. पर रोज झाडताना वाटतं. बाकीच्या सातांवर मी झोपलेय, जेवलेय. ह्याच्यावर न्हाई.”

मी बाजूच्या बाकावर जाऊन बसलो. पत्नी बाईंबरोबर पुन्हा आरशांकडे गेली. माझ्यासमोर दोन वाटा होत्या, आणि त्यांतली एक फार सोपी होती: काही न बोलता चपला घालून रिक्षात बसणे. मला कोणी ओळखले नव्हते. तेविसाव्या वर्षीचा माझा चेहरा या जगात आता कोणाला आठवत नव्हता. मी मनातल्या मनात विष्णुसहस्रनाम सुरू केले. मन स्थिर करण्याची माझी ती सवय आहे. दहा-बारा नामे झाली आणि लक्षात आले की मी पुन्हा तेच करीत आहे. शाळेतही मी पाठांतरच घेत बसलो होतो.

मी उठलो, आरशांपाशी गेलो आणि बाईंना म्हणालो, “तो गुरुजी मी आहे.”

आरशात आम्ही तिघे लांबच लांब दिसत होतो. बाईंनी आधी आरशातल्या मला पाहिले, मग वळून खऱ्या मला. मग मी काकांना सांगितलेले खोटे, उंबरठ्यावरून परत ठेवलेले ताम्हन, खिडकी, सर्व सांगितले. पत्नी माझ्याकडे पाहत राहिली. ती म्हणाली, “दूधवाल्याला दहा मिनिटं उशीर झाला तर तुम्ही त्याला शब्दाचं महत्त्व सांगता.” मी हो म्हटले. त्यावर तिने अधिक काही म्हटले नाही, हे तिचे मोठेपण.

बाई खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून पुसला.

“बा म्हनायचे, बामनाला येळ लागतो,” त्या म्हणाल्या. “पर येवढा?”

मग त्यांनीच विचारले की आता तो घोडा मोकळा करता येईल का. इतकी वर्षे गेली, मंत्र लागू होतो का? मी म्हणालो, होतो. मग माझ्या तोंडून सवयीने निघाले की आज मात्र मी पोहे खाऊन आलो आहे, आणि हा विधी उपाशीपोटी… आणि पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला. पत्नीलाही तो सुचला होता, ती सरळ मनाने म्हणाली, “मग उद्या सकाळी स्नान करून येऊ.”

बाईंनी पुन्हा काचकागद हातात घेतला आणि दांडी घासायला लागल्या. त्यांच्या वडिलांनाही मी नेमके हेच कारण सांगितले होते, आणि ते त्यांना ठाऊक होते. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी मान खाली घालून जे काम सुरू होते ते पुढे चालू केले, जसे त्यांच्या घरात इतकी वर्षे चालू होते.

नियम मी आयुष्यभर पाळले आहेत आणि त्यांची थट्टा मला सहन होत नाही. जेवून पूजा करू नये, याला अर्थ आहे. पण त्या शेडमध्ये मला प्रथमच असे दिसले, की त्या दिवशी मी नियमाच्या आडोशाने आळस केला होता, आणि एका परधर्मी माणसाने कोणताही नियम नसताना माझ्या शब्दाचे व्रत केले होते. दोघांपैकी उपाशी कोण राहिले, हे सांगायला शास्त्र लागत नव्हते. आपल्या प्रत्येक कर्माच्या शेवटी विष्णूचे स्मरण सांगितले आहे, ते यासाठीच की कर्मात जे उणे राहिले ते त्याने भरून घ्यावे. आजचे उणे पोह्यांचे होते. तेही त्याच्या पदरात घालायचे मी ठरवले.

“उद्या नाही. आता करतो,” मी म्हणालो. “एक तांब्या पाणी द्या.”

बाईंनी पाणी आणले आणि डब्यातले मूठभर तांदूळ. पत्नीच्या पिशवीत हळदीकुंकवाची डबी असतेच. तिने तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या. फुले म्हणून दारातली सदाफुली. ताम्हन नव्हते, तेव्हा स्टीलचे ताट घेतले. मी हातपाय धुतले, आचमन केले, आणि संकल्पात जेथे प्रयोजन सांगायचे तेथे, जो शब्द राहून गेला होता तो पूर्ण करण्यासाठी, असे म्हटले. बाईंना विचारले, तुम्हाला चालेल ना? त्या म्हणाल्या, “तुमच्या देवाचं तुमी करा, मी माज्या देवाचं करते,” आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिल्या. त्यांची प्रार्थना माझ्या मंत्रांहून लांबली. मी थांबलो.

देवगणांनी पूजा स्वीकारून आपल्या स्थानी परत जावे, अशा अर्थाचा तो मंत्र म्हणून मी घोड्याच्या पाठीवर अक्षता टाकल्या. आता त्याला जागेवरून किंचित हलवायचे होते. मी बाईंना म्हणालो, चक्री थोडी फिरवावी लागेल. त्या म्हणाल्या, “थांबा, मग पिशवी सोडू द्या.” त्यांनी खाली वाकून गाठ सोडली. ती गाठ वडिलांनी शेवटची मारलेली होती. त्यांना ती सोडायला वेळ लागला आणि मी मदत केली नाही. पिशवी जमिनीवर ठेवताच चक्री एका अंगाला थोडी कलली आणि खांबातून बारीक आवाज आला.

“आता झुकली,” बाई म्हणाल्या. “आता ह्याच्यावर कुनी तरी बसाया पायजे.”

कोणी तरी म्हणजे कोण, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. पत्नीने स्टूल सरकवले. बाईंनी पिवळे कापड काढून माझ्या हातात दिले, आणि एक पाय स्टुलावर ठेवून थोड्या थांबल्या. म्हणाल्या की आता त्यांच्या वजनाला तसल्या तीन पिशव्या लागतील, मोडला तर? मी म्हणालो, याने देव वाहिला आहे. त्या एका अंगाने, पदर सावरत, घोड्यावर बसल्या आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.

मी आणि पत्नीने शेजारची आरी धरून ढकलायला सुरुवात केली. आधी हलेना. मग जड, कुरकुरत, चक्री निघाली. एक फेरा. सात घोडे रिकामे, एकावर त्या. मोर काढलेला पाळणा, मोटारसायकल, आरसे, उघडे दार, पुन्हा मोर. धाप लागल्यामुळे मी मध्येच थांबलो, पण पत्नीने खांद्याने रेटा दिला आणि फेरा पुरा केला.

बाई लगेच उतरल्या नाहीत. वरून शेडच्या दाराबाहेर कुठे तरी पाहत होत्या.

“हितनं लई लांबचं दिसतं,” त्या म्हणाल्या. “बा कवा बोलले न्हाईत.”

मी म्हणालो, त्यांनाही माहीत नसेल. ते कधी बसले नसतील.

निघताना त्यांनी पिशवी उघडून एक गोटा काढला, गुळगुळीत, नारळाएवढा, आणि माझ्या हातात ठेवला. नदीचा आहे, परत द्या, म्हणाल्या. बाकीचे त्या पाहायला येणाऱ्यांना दाखवायला ठेवणार होत्या. मी पिवळे कापड परत देऊ लागलो, तर त्यांनी ते गोट्याभोवती गुंडाळून दिले.

रिक्षात गोटा मांडीवर होता. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारले, बाबा, एवढं जड काय आणलं? मी म्हणालो, एका माणसाचे आहे, प्रवरेत सोडायचे आहे. पत्नीने विचारले, कधी?

दुपारचा दीड वाजत होता. मी रिक्षावाल्याला घराऐवजी एस.टी. स्टँडकडे घ्यायला सांगितले. कोल्हारची गाडी अडीचला होती.